कंठहाराची संख्या : १२३४५६५४३२१

१२३४५६५४३२१ ही संख्या एकदा डावीकडून वाचावी आणि एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा ती तीच राहते. एकापासून सहापर्यंत एकेक पायरी चढायची आणि सहापासून एकापर्यंत त्याच पायऱ्यांनी उतरायचे. वहीखात्याच्या भाषेत ती रक्कम होते बाराशे चौतीस कोटी छप्पन लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. तिच्यात अंक अकरा आहेत आणि त्या सर्वांची बेरीज छत्तीस. मधोमध सहा बसला आहे, आणि छत्तीस हा त्या सहाचाच वर्ग.

या एका संख्येने दोन माणसांना मोहिनी घातली. पहिले नवव्या शतकातील दिगंबर जैन आचार्य, राष्ट्रकूट राजवटीतील गणिती महावीराचार्य. दुसरे विसाव्या शतकातील एक शाळामास्तर, आपल्याच पालघर जिल्ह्यातील डहाणूला जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. दोघांच्या मध्ये जवळजवळ अकराशे वर्षांचे अंतर आहे. व्यापारी घरांतील वाचकांनी या दोघांची ओळख करून घ्यावी, आणि त्या ओळखीतून आपल्या दुकानाच्या हिशेबाला उपयोगी पडेल असे काहीतरी पदरात पाडून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

संख्या कशी घडते

कागदावर ११ ला ११ ने गुणावे. उत्तर येते १२१. मग १११ ला १११ ने गुणावे, उत्तर १२३२१. चार एकांच्या संख्येला तिनेच गुणले की १२३४३२१. याच रीतीने सहा एक लिहून, म्हणजे ११११११ घेऊन, तिचा वर्ग केला की आपली संख्या हाती येते.

कारण सोपे आहे. उभ्या मांडणीचा गुणाकार करताना ११११११ ही एकच ओळ सहा वेळा लिहावी लागते आणि प्रत्येक वेळी ती एक घर डावीकडे सरकते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या स्तंभात सहाही ओळींचे एक एकाखाली एक येतात. त्यापुढे ओळी संपत जातात व बेरीज पाच, चार, तीन अशी उतरत जाते. कोठेही हातचा येत नाही, म्हणून चढउतार स्वच्छ दिसते.

नऊ एकांपर्यंत हे असेच चालते आणि उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढणीतला आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली, आणि उलटसुलट सारखे वाचण्याचा गुणही गेला. संख्येचे सौंदर्य कोठवर टिकते आणि कोठे व का मोडते, हे दोन्ही पाहिल्याशिवाय तिची ओळख पुरी होत नाही.

महावीराचार्यांचा हार

महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ८५० च्या सुमारास लिहिला. त्या काळी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचे राज्य होते. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग याच साम्राज्यात होता आणि वेरूळची जैन लेणी याच कालखंडातली. ग्रंथाच्या आरंभी आचार्य गणिताचे महत्त्व सांगतात : लौकिक व्यवहार असो वा धर्मकार्य, संगीत असो, पाकशास्त्र असो वा वास्तुविद्या, गणितावाचून कशाचेही चालत नाही. पुढे ते एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस दशमान स्थानांची नावे देतात. आपण कोटी-अब्जावर थांबतो, त्यांची मोजणी तिथून पुढे तितकीच लांब जाते.

गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अशी उदाहरणे निवडली आहेत की उत्तर मिळताच मन प्रसन्न व्हावे. अशा काही उत्तरांना ते कंठातील अलंकाराची उपमा देतात. मण्यांची माळ कोणत्याही बाजूने पाहिली तरी सारखीच दिसते, तशी ही उत्तरे. काही नमुने पाहावेत :

१३९ × १०९ = १५१५१
१५२२०७ × ७३ = ११११११११
१२३४५६७९ × ९ = १११११११११
१४२८५७१४३ × ७ = १००००००००१
२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

शेवटची ओळ आपली आहे. येथे आचार्यांच्या हातची सफाई दिसते. ११११११ ला ११११११ ने गुणा असे सांगितले असते तर उत्तराचा आकार आधीच ओळखता आला असता. त्यांनी तसे केले नाही. २७९९४६८१ या संख्येकडे पाहून आत काही दडले आहे असे कोणालाही वाटणार नाही. पण ती ५२९१ चा वर्ग आहे, आणि ४४१ हा २१ चा वर्ग आहे. २१ गुणिले ५२९१ म्हणजे बरोबर ११११११. दोन अनोळखी वर्ग एकत्र आले की हाराचे मणी ओळीने मांडले जातात.

अजून आत शिरावे. ११११११ चे मूळ अवयव आहेत ३, ७, ११, १३ आणि ३७. यांतील ३ व ७ आचार्यांनी एका बाजूला ठेवले, त्यांचे २१ झाले. उरलेले ११, १३ व ३७ दुसऱ्या बाजूला गेले, त्यांचे ५२९१ झाले. आपल्या मोठ्या संख्येत हे पाचही मूळ अवयव प्रत्येकी दोन वेळा येतात. एखादा विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव एकदाही घ्यायचा नाही, एकदा घ्यायचा, की दोनदा, असे तीन पर्याय असतात. पाच अवयव, प्रत्येकी तीन पर्याय, म्हणजे तीन गुणिले तीन असे पाच वेळा. त्यामुळे १२३४५६५४३२१ या संख्येला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या २४३ आहेत, एक आणि ती स्वतः धरून. नवाने भागले तर १३७१७३९३६९ येते, आणि तो पुन्हा ३७०३७ चा पूर्ण वर्ग असतो.

हा ग्रंथ मद्रास येथून १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह छापला. १९६३ साली लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेले हिंदी भाषांतर सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील एका जैन संस्थेने या ग्रंथासाठी पदरमोड केली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आचार्यांचा गौरव करताना एक गोष्ट लपवू नये. कोणत्याही संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते, असे त्यांनी लिहिले आहे. ते बरोबर नाही. उलट, ऋण संख्येला वर्गमूळ नसते हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि त्यांच्या काळाच्या मानाने ती मोठी समज होती. त्यांच्या ग्रंथातील प्रत्येक उदाहरण पडताळून पाहता येते आणि जे चुकले तेही पडताळ्यातच सापडते. श्रद्धेने वाचलेल्या ग्रंथाला हिशेबाच्या कसोटीची भीती नसावी.

डहाणूचे मास्तर

अर्नाळ्याहून आगाशीमार्गे, श्रीमुनिसुव्रतस्वामींचे दर्शन घेऊन, विरार स्टेशन गाठावे आणि डहाणू रोडची लोकल पकडावी. ही लोकल जिथे थांबते त्या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी कापरेकरांचा जन्म झाला. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील खुर्ची नाही. कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड एवढेच त्यांचे भांडवल.

एक, एकशे एकवीस, बारा हजार तीनशे एकवीस अशा चढउतारीच्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. हे नाव कोणा ग्रीक पंडिताचे नव्हे. मुंबईहून निघालेल्या जी. आय. पी. रेल्वेवरील आजच्या डोंबिवली स्थानकाचे ते जुने नाव. या संख्यांची कल्पना त्यांना तेथे सुचली. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या संख्यांवरील लेख प्रसिद्ध झाला. महावीराचार्यांनी जिला राजाच्या गळ्यातील हाराच्या पंक्तीत बसवले, ती संख्या कापरेकरांनी आगगाडीच्या स्टेशनाच्या नावाने जगापुढे ठेवली.

त्यांचे दुसरे नवल ६१७४. सगळे अंक एकसारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. उदाहरणार्थ ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे येऊन थांबते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या या कामाला पोरखेळ मानले. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. डहाणूच्या गाडीत रोज बसणाऱ्या किती जणांना ते नाव ठाऊक असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

नवाचा ताळा, अकराचा ताळा

वर ६१७४ च्या उदाहरणात आलेली प्रत्येक वजाबाकी पाहावी : ३०८७, ८३५२, ६१७४. तिन्हींच्या अंकांची बेरीज अठरा येते, म्हणजे तिन्हींना नवाने भाग जातो. हा योगायोग नाही. दहा, शंभर, हजार यांतील कोणालाही नवाने भागले तर बाकी एकच उरते. त्यामुळे संख्येला नवाने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही, म्हणून मूळ संख्या आणि अदलाबदल झालेली संख्या यांतील फरक नेहमी नवाच्या पटीत येतो.

आपल्या वाडवडिलांच्या पेढ्यांवर गुणाकार तपासण्यासाठी ‘नवाचा ताळा’ पाहत असत, तो याच नियमावर. समजा सुकेळीची ४७ खोकी, दर खोक्याला ३८६ रुपये. रक्कम १८,१४२. आता ४७ चे अंक मिळवले की ११, पुन्हा मिळवले की २. ३८६ चे १७, म्हणजे ८. दोन आठे सोळा, म्हणजे ७. उत्तराचे अंक मिळवले की १६, म्हणजे ७. ताळा जमला.

पण घाईत कोणी १८,१४२ ऐवजी १८,४१२ लिहिले तर? अंकांची बेरीज तीच, ताळा पुन्हा जमणार, आणि २७० रुपयांची चूक सुटून जाणार. नवाचा ताळा अदलाबदलीपुढे आंधळा आहे. महावीराचार्यांच्या २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारात तर तो आणखी दुबळा ठरतो. ४४१ ला नवाने निःशेष भाग जात असल्यामुळे दुसरी संख्या कशीही चुकली तरी बाकी शून्यच येते.

अशा वेळी अकराचा ताळा घ्यावा. उजवीकडून पहिला अंक अधिक, दुसरा उणे, तिसरा अधिक असे करत जावे. १८,१४२ साठी २ − ४ + १ − ८ + १ म्हणजे उणे ८, त्यात ११ मिळवले की ३. तिकडे ४७ ला अकराने भागून बाकी ३ व ३८६ ला भागून बाकी १, त्यांचा गुणाकार ३. जमले. १८,४१२ चा ताळा मात्र २ − १ + ४ − ८ + १, म्हणजे उणे २, अर्थात ९ येतो. चूक तेथल्या तेथे पकडली जाते. शेजारचे दोन वेगवेगळे अंक उलटे पडले तर अकराचा ताळा ते हमखास दाखवतो. आपल्या १२३४५६५४३२१ वरही हा प्रयोग करावा : १ − २ + ३ − ४ + ५ − ६ + ५ − ४ + ३ − २ + १, बरोबर शून्य. अकराने भाग जातो, आणि तो जायलाच हवा, कारण अकरा हा तिच्या अवयवांपैकी एक आहे.

हे सारे करमणुकीपुरते आहे असे कोणी समजू नये. बँकेच्या नोकरीत असताना पाहिलेला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका खातेदाराच्या पेढीवर संध्याकाळी रोकड ५,४०० रुपयांनी कमी भरली. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. मुनीमजी वीस वर्षांचे जुने. दोनदा मोजणी झाली, पावत्या चाळून झाल्या, पण तफावत हटेना. रात्री शेठजींनी त्यांना उद्यापासून येऊ नका असे सांगितले. चोर असे कोणी म्हटले नाही. म्हणण्याची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठजी रोजमेळ घेऊन आमच्याकडे आले. आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ लेखनिकाने वही उघडण्यापूर्वी ५,४०० ला नवाने भागून पाहिले. ६०० आले. ‘‘सहाशे म्हणजे शतकाच्या घरात सहा. हजार आणि शतक यांच्या घरांतील दोन अंक उलटे पडले असतील आणि त्या दोहोंत सहाचा फरक असेल,’’ असे ते म्हणाले. मग त्यांनी त्या दिवसाच्या खर्चाच्या रकमांतील फक्त तेवढीच दोन घरे पाहत बोट खाली नेले. मालवाहतुकीच्या भाड्याची नोंद २,८६० अशी होती. पावती काढली, तिच्यावर ८,२६० होते. गेलेला पैसा खरोखर भाड्यातच गेला होता, फक्त वहीत कमी लिहिला गेला होता. शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

शेठजी सरळ मुनीमजींच्या घरी गेले आणि त्यांना सन्मानाने परत घेऊन आले. मुनीमजी आले, निवृत्त होईपर्यंत कामही चोख करीत राहिले. मात्र त्या दिवसापासून तिजोरीची किल्ली त्यांनी स्वतःजवळ ठेवली नाही. रोज संध्याकाळी ती शेठजींपुढे ठेवून ते घरी जात.

अठरा पापस्थानकांत तेरावे अभ्याख्यान आहे : न केलेल्या दोषाचा आळ घेणे. प्रतिक्रमणात आपण ते नाव घेतो आणि पुढे जातो. नवाने एक भागाकार केला असता तर एका प्रामाणिक माणसावरचा आळ त्याच रात्री टळला असता. म्हणून रोकड जमली नाही की माणसावर संशय घेण्याआधी तफावतीला नवाने भागून पाहावे. भाग गेला तर उलटे पडलेले अंक आधी शोधावेत. भाग गेला नाही आणि तफावत सम असेल तर तिची निमपट करावी आणि त्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे बाजूला गेली आहे का ते पाहावे. हे दोन्ही करूनही काही सापडले नाही, तरच पुढची चौकशी.

आज संगणक आला. बेरीज चुकत नाही, पण त्याला दिलेला आकडा चुकीचा असला तर तो ती चूक निष्ठेने सांभाळतो. म्हणूनच जेथे मोठ्या संख्या रोज हाताळल्या जातात तेथे त्यांच्या आतच ताळा ओवलेला असतो. आधारच्या बारा अंकांतील शेवटचा अंक व्हर्होफ नावाच्या डच गणितज्ञाच्या रीतीने आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर तो क्रमांक यंत्र स्वीकारत नाही. बँकेच्या कार्डावरील शेवटचा अंकही असाच पहारेकरी आहे, फक्त त्याची रीत हान्स पीटर लून यांची. पुस्तकांवर पूर्वी छापला जाणारा दहा अंकी क्रमांक तर थेट अकराच्या ताळ्यावर चालत असे. पैसे पाठवताना खाते क्रमांक दोनदा लिहायला लावतात, त्यामागेही हीच धास्ती.

एकोणतीस अंकांची गोष्ट

आपल्या आगमांत याहून कितीतरी मोठ्या संख्या आहेत. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची जघन्य, म्हणजे किमान, संख्या सांगताना तिला एकोणतीस स्थाने लागतात असे म्हटले आहे, आणि ती शहाण्णव वेळा निम्मी करता येते अशी खूणही दिली आहे. म्हणजे दोनाला दोनाने गुणत शहाण्णव दोन एकत्र आणले की ती मिळते :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेत आचार्य वीरसेनांनी अशा निम्मे करण्याच्या गणतीला ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. या संख्येचे अर्धच्छेद शहाण्णव. आठाचे तीन, सोळाचे चार. अर्धच्छेदांची बेरीज केली की मूळ संख्यांचा गुणाकार मिळतो, हे तत्त्व त्यांना अवगत होते. ही धवला टीका प्राध्यापक हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापली जाऊ लागली. तिच्या एका खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी तिच्यातील गणिताचा परिचय करून दिला आहे.

ही एकोणतीस अंकी संख्या आजकाल मोबाइलवर फिरताना दिसते. एखादा अंक गळला, एखादा उलटा पडला, तर कोणाच्या लक्षात येते? पण आपल्यापाशी आता ताळे आहेत. दोन सहा वेळा गुणले की ६४ येते आणि ६४ ला नवाने भागून बाकी एक उरते. शहाण्णव म्हणजे सोळा वेळा सहा, म्हणून संपूर्ण संख्येची बाकीही एकच असली पाहिजे. वरच्या एकोणतीस अंकांची बेरीज १२७ आहे. १ अधिक २ अधिक ७ म्हणजे १०, म्हणजे १. ताळा जमला. अकराचाही पाहावा. दोन दहा वेळा गुणले की १०२४, आणि १०२४ ला अकराने भागून बाकी एक. म्हणून शहाण्णवातून नव्वद सोडून उरलेले सहा पाहायचे : ६४ ला अकराने भागून बाकी ९. उजवीकडून अधिक-उणे करीत गेले की ३१ येते आणि ३१ ला अकराने भागून बाकी ९ च. दोन्ही ताळे जमले. नुसता एखादा अंक बदलला असता किंवा शेजारचे दोन उलटे झाले असते तर अकराने ते दाखवले असते. एकोणतीस अंक आंधळेपणाने पुढे पाठवण्यापेक्षा ते तपासून पाठवणे हा आगमाचा अधिक मान आहे.

घरात काय करता येईल

कार्तिक शुद्ध पंचमीला आपण ज्ञानपंचमी पाळतो आणि त्याच दिवशी लाभपंचमी मानून व्यापाराला नव्याने आरंभ करतो. ज्ञानाची पूजा आणि वहीचा आरंभ एकाच दिवशी यावा, ही फार चांगली जोड आहे. त्या दिवशी घरातील मुलांसमोर एक कोरा कागद ठेवावा आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगावे, यंत्र न घेता. उत्तराचे अंक एकेक उलगडत जातील तेव्हा मुलांच्या चेहऱ्याकडे पाहावे. मग दोन्ही ताळे पाहायला शिकवावे आणि पहिला ताळा येथे का कुचकामी ठरतो ते त्यांनाच शोधू द्यावे.

त्यानंतर दुकानातील जुन्या बिलांपैकी दहा बिले त्यांच्या हाती द्यावीत व अकराच्या ताळ्याने तपासायला सांगावीत. एखाद्यात चूक निघाली तर ती कोणाची हे विचारू नये, कोणत्या घरात निघाली ते विचारावे. मुनीमजी असतील तर त्यांनाही या कामात सोबत बसवावे. मुलांनी ताळा त्यांच्याकडून शिकावा, हे सर्वांत चांगले.